मागं बसणाऱ्याच्या हातात काही नसतं

भैय्या, मांडव उतरला, पाहुणे पांगले, आता जरा बस माझ्याजवळ. आई सांगत होती, तुम्ही दोघं गाडीवरच तुळजापूरला निघालाय. चांगलं आहे. लग्नानंतरचं पहिलं दर्शन भवानीचंच असतं, आणि जीपमधल्या दाटीत जाण्यापेक्षा दोघांनीच मोकळ्या रस्त्यानं जावं असं वाटणं साहजिक आहे. पण निघायच्या आधी मला तुझ्याशी बोलायचंय. अप्पा तुला लायसन, पेट्रोल आणि पंक्चरचं सांगतील. मित्र ॲव्हरेज विचारतील. मागच्या सीटवर बसलेल्या बाईला काय वाटतं, ते मात्र कुणी सांगणार नाही. आईला ते बोलायची सवय नाही. मी बोलते. लहानपणी अप्पांची लूना, नंतर त्यांची चेतक, लग्नानंतर तुझ्या दाजींची गाडी. मुरुमहून उमरगा, आळंद, नळदुर्ग, हे सगळे रस्ते मी मागं बसूनच पाहिलेत.

बघ, तुझ्या हातात हँडल आहे, पायाखाली ब्रेक आहे, नजरेसमोर रस्ता आहे. तिच्याकडे यातलं काहीच नाही. तिला समोर दिसते ती तुझी पाठ. खड्डा तुला आधी दिसतो, तू अंग सावरतोस, सीटवरून जरासा उचलतोस. तिला तो खड्डा आदळल्यावर कळतो. ब्रेक दाबायचं तुझ्या मनात येतं आणि मग तुझा पाय हलतो, तिला मात्र थेट धक्काच बसतो. माणूस घाबरतं ते वेगाला तेवढं नाही, जेवढं अचानकपणाला. पुढं काय होणार आहे ते आधी कळलं की तोच रस्ता, तीच गाडी, तोच वेग सुसह्य होतो. माझं सगळं सांगणं या एका गोष्टीभोवती आहे.

म्हणून निघायच्या आधी एक काम कर. गाडी तुझ्या मित्राच्या हातात दे आणि त्याच्या मागं बसून येणेगूरपर्यंत जाऊन ये. तो रस्ता तुला तोंडपाठ आहे. तरी मागं बसून तो अनोळखी वाटेल. त्याच्या खांद्यावरून पुढं डोकावू नकोस, तिच्याइतकंच बघ. मग तुझ्या लक्षात येईल की नसलेला ब्रेक दाबायला आपलाच पाय कसा पायदानावर रुतत जातो, समोरून ट्रक आला की पोटात कसं होतं, आणि चालवणारा गप्पांच्या नादात मान मागं वळवून बोलायला लागला की किती राग येतो. हे मी तासभर सांगून कळणार नाही, तेवढ्या फेरीत कळेल.

नवी नवरी 'मला भीती वाटते' असं म्हणणार नाही. ती फार तर एकदा म्हणेल, 'अहो, जरा हळू.' त्यावर तू हसलास, किंवा 'अगं, काही होत नाही' म्हणून तसाच दामटत राहिलास, तर ती पुन्हा म्हणणार नाही. तुला वाटेल, झाली सवय. पण ती नुसती गप्प झालेली असते. घराघरांत अशा कितीतरी बाया आहेत ज्या वर्षानुवर्षं देवाचं नाव घेत मागं बसतात आणि उतरल्यावर काही बोलत नाहीत. तिनं 'हळू' म्हटलं की तिथल्या तिथं गाडी हळू कर, कारण विचारू नकोस. एकदा तिला दिसलं की आपल्या शब्दानं गाडीचा वेग कमी होतो, की तिच्या हातात काहीतरी आलं. मग तीच पुढच्या वेळी सांगेल, 'आता चाललं, घ्या पुढं.' आणि ती बोलता बोलता मध्येच थांबली, तर आधी काटा बघ. वाऱ्यात आवाज पोचत नाही, म्हणून खूणही ठरवून ठेवा. पाठीवर दोनदा थाप म्हणजे थांबायचं, एवढी एकच पुरे.

आता चढण्या-उतरण्याचं. बसता बसता धडपडणं हे फार होतं, आणि ते सगळ्यांच्या देखत होतं म्हणून बाईला ते लागल्यापेक्षा जास्त सलतं. तू आधी गाडीवर बस, साइड स्टँड काढ, दोन्ही पाय जमिनीवर टेकव, पुढचा ब्रेक दाबून धर आणि मागची पायदानं स्वतः उघडून दे. मग म्हण, 'बस.' तिनं डावीकडूनच बसावं, सायलेन्सर उजवीकडं असतो. आपल्या आईच्या पोटरीवरचा तो डाग बघितलायस ना, तो सायलेन्सरचाच आहे. ती बसली, पाय टेकले, पदर आवरला, की तिनं सांगायचं, 'बसले.' ते ऐकल्याशिवाय क्लच सोडायचा नाही. उतरतानाही तसंच. गाडी पूर्ण थांबली, तुझे पाय टेकले, की तू सांग, 'उतर.' पुष्कळ जण अर्धवट थांबून 'उतर उतर' करतात, मागून एसटीचा हॉर्न वाजत असतो आणि ही बिचारी एका पायावर नाचते. हॉर्न वाजवणाऱ्याला वाजवू दे.

धरायचं कुठं, यावर आपल्याकडं कुणी मोकळेपणानं बोलत नाही. खरं तर मागच्यानं चालवणाऱ्याच्या कमरेला धरावं, म्हणजे दोघांचं अंग एकत्र हलतं आणि वळणावर गाडी हिसका देत नाही. पण मुरुमच्या बाजारातून जाताना, दुकानाच्या कट्ट्यावर अप्पांच्या ओळखीचे चार जण बसलेले असताना, नवी सून तुझ्या कमरेला हात घालेल का? नाही घालणार. ती एका हातानं सीटची कड धरेल आणि दुसऱ्या हातानं पदर. यात तिला दोष देऊ नकोस, आणि भर बाजारात आग्रहही करू नकोस. गावात गाडी सायकलच्या वेगानं ने. तिचा एक हात सीटमागच्या लोखंडी दांडीवर असू दे. खांद्यावर हात ठेवला तर लोकांना चालतं, पण जोराचा ब्रेक लागला की तिचं सगळं वजन तुझ्या खांद्यावर येतं आणि हँडल वाकडं होतं, हे तिला समजावून सांग. गाव मागं पडलं की गाडी कडेला घे आणि सरळ म्हण, 'आता कमरेला धर, मला चालवायला सोपं जातं.' अगदी याच शब्दांत म्हण. 'घाबरतेस म्हणून धर' असं म्हटलं की ती हट्टानं धरणार नाही. 'मला सोपं जातं' म्हटलं की ते लाजेचं राहत नाही, प्रवासाचं एक काम होतं.

आणि ती दांडी गाडीला आहे ना, ते बघ. केंद्राच्या १९८९ च्या मोटार वाहन नियमांत १२३ वा नियम नेमका मागं बसणाऱ्यासाठी आहे. त्यात तीन गोष्टी सांगितल्यात: धरायला पक्की पकड, पाय ठेवायला पायदान, आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण, म्हणजे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत. आपण ज्याला साडीगार्ड म्हणतो ते हेच. गाडी 'चांगली दिसत नाही' म्हणून नवीन गाडीचा साडीगार्ड पहिल्याच आठवड्यात काढून टाकणारी पोरं मला माहीत आहेत. त्यांना मी तोंडावर सांगते, दिसायला चांगली हवी असेल तर एकट्यानं फिर, बायकोला, आईला मागं बसवू नकोस.

कापडाचं मला तुला नीट सांगू दे, कारण या दिवसांत त्याची भीती जास्त आहे. सकाळी गारठा असतो, म्हणून बायका अंगावर शाल घेतात. ओढणी, पदर, शाल यांची मागं लोंबणारी टोकं वाऱ्यानं उडतात आणि चाकात नाहीतर साखळीत जातात. एकदा टोक अडकलं की चाक कापड झपकन आत ओढतं. ओढणी गळ्याला गुंडाळलेली असेल तर काय होईल हे मी बोलून दाखवत नाही. पदर पुढं घेऊन कमरेला खोचायचा. ओढणी घरी ठेवायची किंवा जाकिटाच्या आत घ्यायची. शाल नकोच, स्वेटर किंवा तुझं जुनं जाकीट दे. आणि हे तिला सासूच्या सुरात सांगू नकोस. निघताना तू स्वतः मागून एकदा फिरून ये, चाकाकडं नजर टाक, मग बस. रोज तसं केलंस की तिलाही ती सवय लागेल.

दोन्हीकडं पाय टाकून बसणं सगळ्यात सुरक्षित, यात शंका नाही. एका बाजूला बसलं की मांड्यांनी सीट धरता येत नाही, एकच हात पकडीला पोचतो, अर्धा रस्ता दिसतच नाही आणि गाडीचं वजन डावीकडं ओढतं. पण तुळजापूरला पहिल्या दर्शनाला नवी सून साडीतच जाणार, त्यावर घरात वाद घालून उपयोग नाही. त्यातून वाट काढता येते. प्रवासाला तिला पंजाबी ड्रेस घालू दे, साडी पिशवीत घ्या आणि तुळजापुरात पोचल्यावर नेसू दे. आईला मी सांगते, ती ऐकेल. आपली आजी इरकली लुगड्याचा काष्टा घालून खुशाल दोन्हीकडं पाय टाकून बैलावर बसलेली असायची, आणि आज गिरगावात पाडव्याच्या शोभायात्रेत पोरी नऊवारी नेसून बुलेट चालवतात. तेव्हा पाय दोन्हीकडं टाकणं आपल्या रीतीत बसत नाही, असं मला कुणी सांगू नये.

आणि कधी साडीत एका बाजूला बसवायची वेळ आलीच, तर दोन गोष्टी पाळ. तिचे दोन्ही पाय साडीगार्डच्या पायदानावर टेकलेले हवेत, एक वर आणि एक लोंबकळता नको. चप्पल अंगठ्याची नको, पट्ट्याची हवी. दुसरं, तिचे गुडघे डावीकडं बाहेर आलेले असतात हे क्षणभरही विसरू नकोस. डावीकडून ओव्हरटेक नाही, ट्रॅक्टर आणि कठड्याच्या मधून गाडी काढणं नाही. तुझं हँडल निघालं म्हणजे गाडी निघाली असं तुला वाटतं. तिचे गुडघे हँडलच्याही बाहेर असतात.

आता एक अवघड गोष्ट बोलते. कॉलेजच्या वयात पोरं एकमेकांना शिकवतात की ब्रेक दाबला की मागं बसलेली पोरगी पुढं येते. तू तसं केलंयस असं मी म्हणत नाही. पण तुझ्या गाडीवर उद्या शेजारची ताई बसेल, नातेवाइकांतली कुणी बसेल, बस चुकली म्हणून एखाद्या बाई शाळेपर्यंत सोड म्हणतील. हे लक्षात ठेव की मुद्दाम मारलेला ब्रेक प्रत्येक बाईला ओळखू येतो, पहिल्याच वेळी येतो. ती काही बोलत नाही, पुन्हा बसत नाही, आणि आणखी दहा जणींना सांगते. अशी कुणी बसली आणि तिनं पर्स किंवा पिशवी तुमच्या दोघांच्या मध्ये ठेवली, तर ती बाजूला घे म्हणू नकोस. तिला ती तिथं हवी असते. अशा वेळी दांडी दाखवून दे, 'ताई, इथं धरा,' एवढंच म्हण आणि नेहमीपेक्षा हळू चालव. बाईमाणसाला सुरक्षित वाटणं म्हणजे फक्त न पडणं नव्हे रे.

गाडीचं थोडक्यात सांगते, कारण ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तुझी शंभर सीसीची गाडी ११० किलोच्या आसपास असेल. पन्नास-पंचावन्न किलोचं माणूस मागं बसलं की गाडीच्या निम्म्या वजनाची भर पडते, तीही सगळी उंचावर आणि मागच्या चाकावर. म्हणून मागच्या टायरची हवा डबलसीटसाठी वेगळी असते. आकडा गाडीच्या पुस्तकात आणि बऱ्याचदा साखळीच्या झाकणावरच्या स्टिकरवर असतो, तेवढी भर. मागचे शॉकअप एक-दोन खाचा कडक करून घे, नाहीतर प्रत्येक खड्ड्याला तिच्या कमरेचं भरीत होईल. ती बसल्यावर आरसे पुन्हा लाव. मागचा भाग दबला की हेडलाइट वर जातो, तोही खाली करून घे. आणि सामान तुझ्या पाठीवर नको. तुझ्या पाठीवरची बॅग म्हणजे तिच्या छातीला लागलेली भिंत. हँडलला नारळांची पिशवी अडकवायची तर अजिबातच नाही. ओटीचं सामान, नारळ, साडी, सगळं बाजूच्या पिशवीत नीट बांध.

चालवण्यात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो पहिला गिअर आणि शेवटचा ब्रेक. क्लच झटक्यात सोडलास की तिची मान मागं जाते, गिअर आदळत टाकलास की तिचं हेल्मेट तुझ्या हेल्मेटवर आपटतं. त्यावरून तुलाच कळेल: दोघांची हेल्मेटं एकमेकांना लागत असतील तर चूक तुझ्या क्लचची, तिच्या बसण्याची नाही. ब्रेक लवकर सुरू कर आणि हळूहळू वाढव. ताशी ६० च्या वेगानं गाडी एका सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते, आणि मागं माणूस असताना थांबायला जागा जास्त लागते. म्हणून पुढच्या गाडीपासून एकट्यानं ठेवतोस त्याच्या दुप्पट अंतर ठेव. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या बहुतेक नव्या गाड्यांना पुढचा-मागचा ब्रेक जोडलेला असतो, पायानं दाबला तरी पुढचाही थोडा लागतो. तरी दोन्ही ब्रेक एकत्र वापरायची सवय सोडू नकोस. वळणावर तिनं काही करायचं नसतं. तू ज्या बाजूला वळतोयस त्या बाजूच्या तुझ्या खांद्यावरून तिनं बघत राहायचं, अंग आपोआप बरोबर झुकतं. घाबरलेलं माणूस उलटं झुकतं, म्हणून तिला हे उभ्या गाडीवर एकदा समजावून सांग.

आपल्या रस्त्यांचे काही खास धोके आहेत, ते बाहेरून आलेल्या माणसाला सुचणार नाहीत. कारखान्याचा हंगाम सुरू आहे. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर संध्याकाळनंतर रस्त्यानं जातात, मागं दिवा नसतो, लाल पट्टी नसते, आणि ऊस बाहेर आलेला असतो. अंधारात तो ट्रॉलीच्याही हातभर मागं येतो. बैलगाड्यांचंही तेच. तूर काढायला आली की काही ठिकाणी ती डांबरावरच पसरतात. कोरड्या दाण्यावर आणि भुसावर ब्रेक लावला की गाडी सरकते. तिथं आधीच वेग कमी कर, ब्रेकला हात न लावता सरळ जा. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकाची काळी माती रस्त्यावर पडलेली असते, पहाटेच्या दवानं ती ओली असली की तेलासारखी होते. हे सगळं तुला दिसतं आणि तिला दिसत नाही, म्हणून तोंडानं सांगत जा. 'ब्रेकर आला', 'खड्डा आहे', 'थांबतोय'. दोन शब्द पुरतात. मान वळवायची नाही, समोर बघूनच बोलायचं. तुझे दाजी अजूनही सांगतात, आणि त्यांच्या मागं मी डोळे मिटूनसुद्धा बसू शकते.

हेल्मेट दोघांना. यात 'जवळच तर जायचंय', 'तिला सवय नाही', असलं काही मला सांगू नकोस. मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमात चालवणारा आणि मागं बसणारा असा भेद नाहीच, चार वर्षांवरच्या प्रत्येकाला ते लागू आहे. कायदा राहू दे बाजूला. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ मृत्यूंची नोंद आहे, आणि त्यातले १४,३३७ जण मागं बसलेले होते. ज्यांच्या हातात हँडल नव्हतं, ब्रेक नव्हता, ते. जगभरातल्या अभ्यासांचा एकत्र आढावा असं सांगतो की हेल्मेटमुळे डोक्याच्या दुखापतीचा धोका ६९ टक्क्यांनी आणि मरणाचा ४२ टक्क्यांनी कमी होतो. तुझ्यासाठी घेतलंस तसं आयएसआयचं, तिच्या मापाचं हेल्मेट तिच्यासाठी घे. तुझं जुनं सैल हेल्मेट तिच्या डोक्यावर ठेवून देऊ नकोस. दुकानात तिला घेऊन जा, कारण केसांचा प्रश्न तुला कळणार नाही. अंबाड्यावर हेल्मेट बसत नाही, ते वर उचललेलं राहतं आणि पडल्यावर निघून जातं. प्रवासात वेणी घालायची, अंबाडा आणि गजरा तुळजापुरात. पट्टा हनुवटीखाली लावलाय का, ते पहिले काही दिवस तू बघ. आणि हेल्मेट घातलेल्या सुनेकडं बघून गल्लीत कुणी हसलं, तर तू तिच्या बाजूनं उभा राहा. तिथं गप्प बसलास तर दुसऱ्या दिवशी ती हेल्मेट घालणार नाही.

लेकरांचंही सांगून टाकते, कारण उद्या तूच माझ्या धाकट्याला टाकीवर बसवून चक्कर मारून आणशील. नको. टाकीवरचं पोर ब्रेक लागला की सरळ हँडलवर आदळतं. चार वर्षांखालच्या मुलासाठी चालवणाऱ्याच्या अंगाला बांधायचा पट्टा, नऊ महिन्यांपासून पुढं मुलाच्या मापाचं हेल्मेट आणि जास्तीत जास्त ताशी ४० चा वेग, असा नियम केंद्रानं फेब्रुवारी २०२२ मध्ये काढला आणि २०२३ पासून तो लागू आहे. तो पट्टा मी घेऊन ठेवलाय. तो नसेल तर पोराला फिरवायचं नाही, रडलं तरी नाही. आणि तिघं एका गाडीवर तर कधीच नाही. त्यात मधला माणूस सुखात असतो असं वाटतं, पण शेवटच्याला ना पायदान मिळतं ना पकड.

आईला मात्र लांब गाडीवर नेऊ नकोस. तिचे गुडघे आता दोन्हीकडं पाय टाकू देत नाहीत, आणि एका बाजूला बसून पाऊण तास झाला की कंबर धरते. ती 'मला काही होत नाही' म्हणेल, ते खरं धरू नकोस. एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, तिला बसमध्ये बसवून दे आणि तू गाडीवर पुढं जाऊन स्टँडवर थांब. गावातल्या गावात दवाखान्यात न्यायचं असेल तर गाडी ओट्याजवळ लाव, म्हणजे तिला पायरीवरून बसता येतं. आणि पुढं तुझ्या बायकोला दिवस गेले, की गाडीवर बसायचं का आणि कुठपर्यंत, हे डॉक्टरांना विचारूनच. आपल्या अंदाजानं नाही.

तर आता तुळजापूर. पहाटे अंधारात निघू नका. उजेड झाल्यावर, दव सुकल्यावर निघा. येणेगूरहून हायवेला लागलं की वाऱ्याचा मार एकदम वाढतो, मोठ्या गाड्या जवळून गेल्या की गाडी हलते. तिला आधी सांगून ठेव आणि सुरुवातीचे काही मैल वेग वाढवूच नकोस, तिच्या अंगाला त्याची ओळख होऊ दे. नळदुर्गला थांबा. थांबताना 'थकलीस का?' असं विचारू नकोस, ती नाही म्हणेल. 'मला चहा घ्यायचाय' म्हण आणि थांब. तिला पाय मोकळे करू दे. वेळ असेल तर किल्ला दाखव, बोरी नदीतला तो पाणीमहाल तिनं पाहिलेला नसणार. नर-मादीचे धबधबे पावसाळ्यात, ते पुढच्या वर्षी. खंडोबाचंही दर्शन जमलं तर घ्या. देव तिथला आणि अणदूरचा एकच, आळीपाळीनं दोन्ही गावी असतो, सध्या कोणत्या गावी मुक्कामाला आहे ते विचारून घ्या. नळदुर्गहून तुळजापूरला वळल्यावर पायी चालणारे भाविक कडेनं दिसतील, तिथं हॉर्नवर हात ठेवून जाऊ नकोस. तुळजापुरात गाडी लावली की लगेच मंदिराकडं पळू नका. तिथं पायऱ्या उतरून जायचं असतं, आणि तासाभराच्या बसण्यानं पाय बधिर झालेले असतात. तिला आधी चार पावलं चालू दे, साडी नेसू दे, गजरा माळू दे, मग कल्लोळ तीर्थ, गोमुख तीर्थ, दर्शन, सगळं निवांत.

दर्शनाच्या रांगेत उशीर होईल, हे मी आत्ताच सांगते. परत निघायला दुपारचे तीन वाजून गेले, तर निघूच नका. अंधारात उसाच्या ट्रॉल्यांमधून तिला मागं घेऊन यायचं नाही. तिथंच भक्तनिवासात किंवा लॉजवर राहा, सकाळी या. अप्पा चिडतील, आई काळजी करेल, पण तू फक्त मला एक फोन कर. त्यांना काय सांगायचं ते मी बघते.